दावा सर्वांचा, खर्च कोणाचा?

जिंकलेल्या दाव्याची बातमी वर्तमानपत्रांत येते. त्या दाव्याच्या खर्चाचा हिशेब मात्र बहुधा कोणाच्या दृष्टीस पडत नाहीं. निकालाच्या दिवशीं छायाचित्रें निघतात, अभिनंदनें होतात, आणि कांहीं आठवड्यांनीं वकिलांच्या कचेरींतून दुसरा एक कागद येतो. मिळालेल्या न्यायाची किंमत त्या कागदावर लिहिलेली असते. दावा एकट्याचा असेल तर ती किंमत कोणाच्या नांवावर पडणार, हें सांगावयास नको. परंतु वादी पांचशें असले म्हणजे ती कोणीं द्यावयाची, किती द्यावयाची, आणि मुख्य म्हणजे हें सर्व केव्हां ठरवावयाचें, हा प्रश्न मूळ दाव्याइतकाच महत्त्वाचा होऊन बसतो. त्याच प्रश्नाचा आज आपण थोडा विचार करूं.

या विषयावर इंग्लंडमध्यें जितका विचार झाला आहे तितका फार थोड्या देशांत झाला असेल. म्हणून तेथील एका अलीकडच्या दाव्यापासून आरंभ करणें सोयीचें होईल. त्या देशांत पुष्कळशीं टपालघरें पगारी नोकर चालवीत नाहींत. गांवांतील एकादा दुकानदार आपल्या दुकानाच्या एका बाजूस टपालाचें काम कराराने घेतो. त्याला उप-पोस्टमास्तर म्हणतात. १९९९ पासून या टपालघरांतून ‘होरायझन’ नांवाची संगणकीय हिशेबपद्धति सुरू झाली. तिच्यांतील दोषांमुळें हिशेबांत नसलेली तूट दिसूं लागली, आणि कराराकडे बोट दाखवून ती तूट दुकानदारांकडून वसूल करण्यांत येऊं लागली. कित्येकांवर चोरीचे आणि खोट्या हिशेबाचे खटले झाले. कांहीं तुरुंगांत गेले. कांहींचीं घरेंदारें गेलीं. शेवटीं अॅलन बेट्स या उप-पोस्टमास्तरांच्या पुढाकारानें ५५५ जणांनीं मिळून पोस्ट ऑफिसवर दिवाणी दावा केला.

२०१९ च्या मार्च महिन्यांत कराराच्या अर्थासंबंधीं निकाल झाला, तो मुख्यतः वादींच्या बाजूनें. त्याच वर्षीं ११ डिसेंबर रोजीं ५ कोटी ७७ लाख ५० हजार पौंडांवर तडजोड झाली. त्यानंतर पांचच दिवसांनीं न्यायमूर्ति फ्रेझर यांनीं संगणकपद्धतींतील दोषांवर बोट ठेवणारा दुसरा निकाल दिला. विजय याहून पुरा तो कोणता असावयाचा? परंतु तडजोडीच्या त्या रकमेंतून वकिलांचा आणि दाव्याला भांडवल पुरविणाऱ्यांचा मिळून सुमारें ४ कोटी ६० लाख पौंड खर्च वजा झाला. उरले जेमतेम १ कोटी २० लाख. ५५५ जणांत ते वांटले तर सरासरीनें प्रत्येकी २१ हजार पौंडांच्या आसपास पडतात. ज्याचें दुकान, घर आणि अब्रू हीं तिन्ही गेलीं, त्याच्या हातीं एवढेंच आलें.

‘चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला’ ही म्हण येथें कोणाच्याहि तोंडीं येईल. वकिलांनीं लुबाडलें, असें म्हणून मोकळें होणेंहि सोपें आहे. परंतु तेवढ्यानें उलगडा होत नाहीं. बलाढ्य, सरकारी मालकीच्या संस्थेशीं वर्षानुवर्षें झगडावयाचें, तर त्याला पैसा लागतोच. आणि ज्यानें तो हरण्याचा धोका पतकरून पुरविला, तो आपला मोबदला मागणारच. खर्च कां झाला, यापेक्षां तो कोणत्या नियमानें कोणाच्या अंगावर पडला, हें पाहणें अधिक उद्बोधक आहे.

इंग्लंडच्या दिवाणी कायद्याचें मूलतत्त्व असें कीं, हरणाऱ्यानें जिंकणाऱ्याचा खर्च द्यावा. अमेरिकेंत साधारणतः उलट रीत आहे. तेथें ज्याचा खर्च त्यानें सोसावयाचा. इंग्रजी नियमांत न्यायाचा अंश उघड आहे. माझें देणें मला मिळावें म्हणून मला कोर्टांत जावें लागलें, तर त्या जाण्याचा भुर्दंड मला कां? पण याच नियमाची दुसरी धार फार तीक्ष्ण आहे. मी हरलों तर माझ्या वकिलाचें बिल आणि शिवाय प्रतिपक्षाच्या वकिलाचें बिल, अशीं दोन बिलें माझ्या दारीं येतील. मोठ्या कंपनीच्या वकिलांचें बिल म्हणजे मध्यम स्थितींतल्या कुटुंबाची जन्माची पुंजी. त्यामुळें हक्क खरा असूनहि माणूस गप्प बसतो. शहाण्यानें कोर्टाची पायरी चढूं नये असें आपल्याकडे म्हणतात. तें शहाणपण कायद्याच्या अज्ञानांतून आलेलें नाहीं, खर्चाच्या अनुभवांतून आलेलें आहे.

यावर उपाय म्हणजे संघशक्ति. ‘गांव करी तें राव काय करी’ हें कोर्टांतहि खरें आहे. पांचशें माणसांची तक्रार एकाच कारणांतून उद्भवली असेल, तर तेंच कारण पांचशें वेळां सिद्ध करीत बसण्याचें प्रयोजन नाहीं. म्हणून इंग्लंड व वेल्समध्यें २००० सालापासून सामूहिक दाव्याच्या हुकुमाची सोय झाली. न्यायालय सर्व वादींची एक नोंदवही ठेवण्यास सांगतें. सर्वांना समान असे मुद्दे निश्चित करतें. आणि बहुधा नमुन्यादाखल कांहीं थोडे दावे निवडून त्यांवर समान मुद्द्यांचा निर्णय देतें. तो निर्णय नोंदवहींतील सर्वांना लागू होतो.

येथें खर्चाचेहि दोन भाग पडतात. समान मुद्द्यांवर झालेला तो सामाईक खर्च, आणि प्रत्येकाची स्वतःची हकीकत व नुकसान सिद्ध करण्याचा तो वैयक्तिक खर्च. वैयक्तिक खर्च ज्याचा त्यानें सोसावयाचा, यांत वाद नाहीं. सामाईक खर्चाविषयीं मात्र नियम असा आहे: न्यायालयानें वेगळें सांगितलें नसेल, तर वादींपैकीं प्रत्येकजण सारख्या हिश्शापुरता, आणि फक्त आपल्या हिश्शापुरता, जबाबदार राहील.

श्रोतेहो, ‘फक्त आपल्या हिश्शापुरता’ या तीन शब्दांवर पुष्कळ कांहीं अवलंबून आहे. एक कल्पित उदाहरण घेऊं. शंभर जणांनीं मिळून दावा केला, ते हरले, आणि प्रतिवादीचा सामाईक खर्च १० लाख रुपये ठरला. प्रत्येकाचा हिस्सा १० हजारांचा. आतां त्यांपैकीं वीस जणांपाशीं देण्यास कांहींच नाहीं असें समजा. जबाबदारी संयुक्त असेल, तर प्रतिवादी उरलेल्या ऐशीं जणांकडून सबंध १० लाख मागेल, आणि प्रत्येकाला १२ हजार ५०० भरावे लागतील. किंबहुना, ज्याचें स्वतःचें घर आहे अशा एकाच गृहस्थाला गांठून तो सर्व रक्कम त्याच्याचकडून वसूल करूं शकेल. त्या गृहस्थानें मग इतर नव्व्याण्णव जणांच्या दारोदार हिंडावें! जबाबदारी विभक्त असेल, तर तोटा प्रतिवादीचा; कोणाहि वादीवर १० हजारांपलीकडे एक पैहि पडणार नाहीं. एका पद्धतींत माणसाला आपल्या जोखमीचा आंकडा आधीं ठाऊक असतो. दुसरींत तो शेजाऱ्यांच्या दिवाळखोरीवर अवलंबून राहतो. इंग्रजी नियमानें पहिली पद्धति स्वीकारली ती याच कारणास्तव.

ही समान वांटणी सहजासहजीं ठरलेली नाहीं. संधिवातावरील ‘ओप्रेन’ नांवाचें एक औषध १९८२ सालीं बाजारांतून काढून घेण्यांत आलें. त्यामुळें अपाय झाला असें म्हणणारे सुमारें दीड हजार लोक एली लिली या कंपनीविरुद्ध कोर्टांत गेले. त्यांत वृद्ध पुष्कळ होते. बहुतेकांना सरकारी कायदेशीर मदत मिळत होती. कित्येक शेंकड्यांना ती नव्हती. तेव्हां एक युक्ति सुचली कीं, नमुन्याचे दावे मदत मिळणाऱ्यांचेच निवडावे. म्हणजे खर्च सरकारी निधीवर पडेल, आणि बाकीचे दूर उभे राहून निकालाचा लाभ घेतील. न्यायमूर्ति हर्स्ट यांनीं ती मान्य केली नाहीं. निर्णयाचा फायदा सर्वांना, तर खर्चहि सर्वांवर सारखाच वांटला पाहिजे, असें त्यांनीं ठरविलें. आणि १९८७ सालीं अपील न्यायालयानें तें कायम केलें.

तत्त्व म्हणून या निर्णयांत दोष काढणें कठीण आहे. पण त्याचा भार कोणावर पडला तें पहा. अगदीं गरीब होते त्यांच्या पाठीशीं सरकारी निधि होता. श्रीमंतांना चिंता नव्हती. मधल्या वर्गांतील पेन्शनर, ज्याच्यापाशीं लहानसें घर आणि थोडी शिल्लक होती, तोच कात्रींत सांपडला. दावा पुढें चालवावा तर घर जाण्याचें भय, सोडावा तर भरपाईवर पाणी. गॉडफ्रे ब्रॅडमन या धनिक गृहस्थानें अशा लोकांच्या खर्चाची हमी घेण्याची तयारी दाखविली, म्हणून त्यांना टिकाव धरतां आला. उदार गृहस्थ भेटला ही सुदैवाची गोष्ट. परंतु न्याय मिळणें हें दात्याच्या भेटीवर अवलंबून राहणें बरें नव्हे.

वांटणीचा नियम ठरला तरी वांटावयाची रक्कमच अनिश्चित असेल, तर त्या नियमाचा उपयोग अर्धाच. दहा हजारांचा एक हिस्सा आणि दहा लाखांचा एक हिस्सा, दोन्ही ‘समान’च! म्हणून दुसरा प्रश्न अंदाजपत्रकाचा. मृत मुलांचे अवयव आईबापांना न विचारतां रुग्णालयांनीं ठेवून घेतल्याबद्दल इंग्लंडमध्यें जो सामूहिक दावा झाला, त्यांत २००३ सालीं न्यायमूर्ति गेज यांनीं वादींच्या खर्चाला आधींच कमाल मर्यादा घालून दिली. पुढें लॉर्ड जस्टिस जॅक्सन यांनीं दिवाणी खर्चाची साद्यंत चौकशी करून २००९ च्या डिसेंबरांत आपला अहवाल पुरा केला. त्यांचें म्हणणें थोडक्यांत असें होतें कीं, काम संपल्यावर बिलांत काटछांट करण्यापेक्षां काम सुरू होण्यापूर्वींच खर्चाचा आराखडा न्यायाधीशापुढें यावा. त्याप्रमाणें १ एप्रिल २०१३ पासून खर्चाच्या अंदाजपत्रकाची पद्धति व्यापक प्रमाणावर सुरू झाली.

हें अंदाजपत्रक घरच्या अंदाजपत्रकाहून फारसें निराळें नाहीं. लग्नाचा खर्च मांडतांना आपण मंडप, भोजन, कापडचोपड, दागिने अशा बाबी वेगळ्या धरतों. त्याचप्रमाणें दाव्याचे टप्पे पाडलेले असतात: कैफियती, कागदपत्रें उघड करणें, साक्षीदारांच्या जबान्या, तज्ज्ञांचीं मतें, सुनावणीची तयारी, प्रत्यक्ष सुनावणी, आणि तडजोडीच्या वाटाघाटी. प्रत्येक टप्प्यास वकिलांचे किती तास लागतील, बॅरिस्टरची फी किती, इतर खर्च किती, हें विहित नमुन्यांत भरून दोन्ही पक्ष एकमेकांना आणि न्यायालयाला देतात. न्यायाधीश तें पाहून, दाव्याच्या महत्त्वाशीं व रकमेशीं प्रमाणशीर असेल तेवढें मंजूर करतात. पुढें जिंकणाऱ्यानें प्रतिपक्षाकडून खर्च मागितला, तर साधारणतः सबळ कारणावांचून या मंजूर आंकड्यांपलीकडे किंवा अलीकडे जातां येत नाहीं. दाव्यानें अनपेक्षित वळण घेतलें, तर अंदाजपत्रक बदलून घेण्याची सोय आहे; मात्र तसा अर्ज तत्परतेनें केला पाहिजे.

ही शिस्त किती कडक असूं शकते याचा धडा त्याच वर्षीं मिळाला. अँड्र्यू मिचेल या पार्लमेंटच्या सभासदानें एका वृत्तपत्र कंपनीवर अब्रूनुकसानीचा दावा केला होता. त्यांच्या वकिलांचें अंदाजपत्रक ५ लाख ६ हजार ४२५ पौंडांचें होतें. तें सात दिवस आधीं द्यावयाचें, तें सुनावणीच्या आदल्या दिवशीं दिलें गेलें. परिणाम असा झाला कीं, फक्त कोर्टफीपुरतेंच अंदाजपत्रक दिलें असें धरण्यांत आलें, आणि अपील न्यायालयानेंहि तो हुकूम बदलला नाहीं. २०१४ सालीं त्याच न्यायालयानें अशा चुकांकडे पाहण्याची कसोटी थोडी सौम्य केली. परंतु मुदतीचें महत्त्व तेव्हांपासून कोणी विसरलेलें नाहीं.

तथापि एक गोष्ट नीट ध्यानांत घेतली पाहिजे, कारण येथेंच पुष्कळांची फसगत होते. न्यायालयानें मंजूर केलेलें अंदाजपत्रक हें प्रतिपक्षाकडून किती वसूल होईल याचें माप आहे. आपण आपल्या वकिलाला, किंवा दाव्यासाठीं पैसा पुरविणाऱ्या त्रयस्थाला, जें देण्याचें कबूल केलें तें त्या मापांत बसतेंच असें नाहीं. २०१३ च्या त्याच सुधारणेनें वकिलाची यशावर मिळणारी वाढीव फी, आणि हरल्यास उपयोगी पडावा म्हणून उतरविलेल्या विम्याचा हप्ता, हे सामान्यतः हरलेल्या पक्षाकडून मिळेनासे झाले. म्हणजे ते जिंकलेल्या रकमेंतूनच जावयाचे. शिवाय तडजोड खर्चासह एकरकमी झाली, तर प्रतिपक्षाकडून निराळा खर्च मागण्याचा प्रश्नच उरत नाहीं; सर्व वजावट त्या एका रकमेंतूनच होते. उप-पोस्टमास्तरांच्या बाबतींत झालें तें हेंच. पुढें लढण्यास पैसा नव्हता, म्हणून मिळालें तें घ्यावें लागलें. आणि मिळालें त्यांतून देणें आधीं फेडावें लागलें. २०२२ सालीं सरकारनें त्या ५५५ जणांनाहि अधिक भरपाई देण्याचें जाहीर केलें, आणि २०२४ च्या जानेवारींत, ज्यांना सविस्तर हिशेबांत पडावयाचें नसेल त्यांच्यासाठीं, प्रत्येकी ७५ हजार पौंडांची ठरीव रक्कम देऊं केली. पण हें लोकमताच्या दडपणानें झालें. खर्चाच्या कोणत्याहि नियमानें तें झालें नसतें.

आतां आपल्याकडे वळूं. १९०८ च्या दिवाणी व्यवहार संहितेच्या कलम ३५ मध्यें खर्च निकालामागोमाग जावा हेंच तत्त्व आहे. तसें न केल्यास न्यायालयानें कारण लिहावयाचें असतें. परंतु प्रत्यक्षांत मंजूर होणारा खर्च हा खऱ्या खर्चाच्या मानानें बहुधा नाममात्र असतो. २००५ सालीं सर्वोच्च न्यायालयानेंहि, खर्च प्रत्यक्ष व वाजवी असावा, अशी अपेक्षा बोलून दाखविली आहे. म्हणजे इंग्लंडांत हरण्याची भीति मोठी, तर आपल्याकडे जिंकूनहि पदरचें जाण्याची खंत मोठी. अनेकांच्या वतीनें एकदोघांनीं दावा चालविण्याची सोय संहितेच्या पहिल्या ऑर्डरच्या आठव्या नियमांत आहे. त्यांत इतर हितसंबंधी लोकांना नोटीस देण्याचा खर्च वादीनेंच करावयाचा असतो. निकालावर अवलंबून फी ठरविण्यास वकिलांना बार कौन्सिलच्या नियमांनीं मनाई आहे. त्रयस्थानें पैसा पुरविण्याचीहि येथें कायद्यानें दखल घेतली आहे. दाव्यांतील मिळकतीचा हिस्सा देऊं करून वादीनें कोणाकडून भांडवल घेतलें असेल, तर मुंबई उच्च न्यायालयानें पंचविसाव्या ऑर्डरमध्यें केलेल्या दुरुस्तीप्रमाणें त्या सावकाराला पक्षकार करून त्याच्याकडून प्रतिवादीच्या खर्चाबद्दल जामीन मागतां येतो. नफ्यांत भागीदार, तर जोखमींतहि भागीदार, असा त्यांतील न्याय आहे.

आज एकाच इमारतींतले सदनिकाधारक बिल्डरविरुद्ध, किंवा एकाच संस्थेंतले ठेवीदार आपल्या बुडालेल्या ठेवींसाठीं, एकत्र येतात. अशा वेळीं सभा होते, आवेशाचीं भाषणें होतात, वर्गणी ठरते, आणि वकीलपत्रावर सह्या होतात. सही करण्यापूर्वीं मात्र कांहीं गोष्टी कागदावर आल्या पाहिजेत. सामाईक खर्चाचा हिस्सा दरडोई कीं मागणीच्या प्रमाणांत? एकाद्यानें वर्गणी थकविली, तर त्याचा भार इतरांवर पडणार कीं नाहीं? मध्येंच कोणी बाहेर पडला, तर त्या दिवसापर्यंतचा खर्च त्यानें द्यावयाचा काय? मागाहून येणाऱ्यानें आधींच्या खर्चाचा वांटा उचलावयाचा काय? इंग्लंडांत या शेवटच्या दोन प्रश्नांवर हुकूम करण्याचा अधिकार न्यायालयाला आहे. आपण तो आपसांतल्या करारानें सोडविणें बरें. टप्प्याटप्प्याचा अंदाज वकिलांकडून लेखी घ्यावा, आणि तो ओलांडला जाण्यापूर्वीं पुन्हां सभा भरवावी. तडजोडीची रक्कम आली तर तिच्यांतून प्रथम कोणाचें देणें निघावयाचें, आणि ती तडजोड स्वीकारण्याचा अधिकार कोणाला, हेंहि त्याच दिवशीं लिहून ठेवावें.

असले प्रश्न आरंभींच काढणारा माणूस सभेंत अप्रिय होतो. सर्वांचें रक्त तापलेलें असतां हा पैशाच्या गोष्टी काढतो, असें लोकांना वाटतें. परंतु प्रतिपक्ष जेव्हां अपुरी तडजोड पुढें करतो, तेव्हां तो आपल्या हक्काचें मोजमाप करीत नसतो. आपण आणखी किती महिने तग धरूं शकूं, याचें करीत असतो. ज्या मंडळींनीं आपला खर्च आधीं मोजला आहे, वांटून घेतला आहे, आणि त्याची तरतूद केली आहे, त्यांनाच अशा वेळीं ‘नाहीं’ म्हणतां येतें. न्यायालयांत हक्क सिद्ध होतो हें खरें. पण तो सिद्ध होईपर्यंत उभें राहण्याचें बळ हिशेबाच्या वहींतून येतें, आणि ती वही दाव्याच्या पहिल्या दिवशीं उघडावी लागते.